विरजण

आमच्या बैठकीच्या खोलीत, टीव्हीच्या शेजारी, एक तीन फुटी फिश टँक आहे. ‘मत्स्यालय’ हा शब्द मी वर्गात कितीदा फळ्यावर लिहिला असेल, पण घरात आम्ही त्याला टँकच म्हणतो. हे २००६ साली पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले आणि पुढच्याच महिन्यात तो घरात आला. तेव्हा माझी शाळा चालू होती. संध्याकाळी पाच-साडेपाचला वह्यांचा गठ्ठा घेऊन घरी यावं, तर हे टँकसमोर स्टुलावर बसलेले. हातात प्लॅस्टिकची नळी, पायाशी बादली, बादलीत गढूळ पाणी आणि फरशीवर थेंब. “उभा जन्म पाणी मोजण्यात गेला, आता घरातही तेच का?” असं मी म्हणायची. ते नुसते हसायचे आणि ती बादली उचलून दारातल्या मोगऱ्याला घालून यायचे.

आता खरं सांगायचं तर तो टँक मला कधीच फारसा आवडला नव्हता. निळे खडे, हिरवीजर्द प्लॅस्टिकची झाडं, मागच्या काचेला चिकटवलेलं समुद्राच्या तळाचं चित्र आणि मधोमध खजिन्याची पेटी. त्या पेटीचं झाकण बुडबुड्यांनी उघडायचं आणि ‘टक्’ करून मिटायचं. माशांत तीन गोल्डफिश आणि एक काळपट सकर मासा. गोल्डफिशची नावं आमच्या नातीनं, सईनं, ती बोबडं बोलायची तेव्हा ठेवली होती : लाडू, बर्फी आणि चकली. सकर दिवसभर काचेला तोंड लावून पडलेला असायचा. त्याला हे ‘मुकादम’ म्हणत. खात्यात असे बरेच पाहिले, म्हणायचे.

२०२२च्या दिवाळीनंतर हे गेले. टँक मागे राहिला. घरात माणूस नाही आणि त्याचा टँक मात्र गुरगुरतोय, हे पहिले काही महिने फार जड गेलं. पण पंप बंद केला तर मासे मरतील, म्हणून तो चालूच ठेवला. दर महिन्याला मासेवाल्या दुकानातून एक पोरगा यायचा, अर्ध्या तासात काय ते साफ करून जायचा. मी सकाळ-संध्याकाळ चिमूटभर दाणे टाकायची. माझं त्या टँकशी नातं एवढंच.

गेल्या मे महिन्यात सई पुण्याहून सुट्टीला आली. आता ती बारा वर्षांची आहे. तिनं मोबाइलवर मला एक चित्रफीत दाखवली. पाण्याखाली जणू कोकणातली एखादी परसबाग. खरी झाडं, खरं लाकूड, शेवाळानं मढलेले दगड आणि त्यांतून फिरणारे लाल-निळे चिमुकले मासे. “आजी, आपला टँक असा करूया ना! हे प्लॅस्टिक किती घाण दिसतं!”

मला एकदम हुरूप आला. घरात दीड वर्ष काहीच नवं झालं नव्हतं. म्हटलं, करूया! आणि मी कामाला लागले ते माझ्या पद्धतीनं. माझी पद्धत म्हणजे दिवाळीच्या सफाईची. अर्धवट काही ठेवायचं नाही. मासे दोन बादल्यांत काढले. टँक रिकामा करून काच घासली. खडे चाळणीत घालून कढत पाण्यानं तीनदा धुतले आणि गच्चीवर जुन्या धोतरावर वाळत घातले. एका बाजूला कुरडया, दुसऱ्या बाजूला निळे खडे. शेजारच्या वहिनींनी “हे कसले सांडगे?” म्हणून विचारलंसुद्धा! फिल्टरचा स्पंज तर इतका चिकट आणि तपकिरी झाला होता की हातात धरवेना. तो नळाखाली धरून, पिळून पिळून, अगदी नवा पिवळा दिसेपर्यंत धुतला. मग सगळं परत मांडलं, नळाचं ताजं पाणी भरलं, त्यात दुकानातून आणलेले क्लोरीनचे थेंब... म्हणजे क्लोरीन मारायचे थेंब टाकले आणि मासे सोडले. पाणी कसं आरस्पानी! सई म्हणाली, “आजी, मासे हवेत उडतायत असं वाटतं!”

झाडं दोन दिवसांनी आणायची होती. ती आणायची वेळच आली नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिन्ही गोल्डफिश पाण्याच्या वर येऊन तोंड उघडमीट करत होते. मला वाटलं, भूक लागली असेल. म्हणून दाणे टाकले! आज ते आठवलं की अंगावर काटा येतो. दुपारी बर्फी आडवी झाली. संध्याकाळी चकली गेली. मेच्या उन्हात आम्ही दोघींनी मोगऱ्याच्या बुडाशी खड्डा खणला. सई रडली नाही. तिनं फक्त विचारलं, “पण आजी, आपण स्वच्छच केलं होतं ना?”

छत्तीस वर्षं मास्तरकी केली, पण त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

रिक्षा करून मासेवाल्याच्या दुकानात गेले. तो दुकानदार माझाच विद्यार्थी. सातवीत मराठीत कसाबसा काठावर पास झालेला. मी घडलेलं सगळं सांगितलं. त्यानं डोक्याला हात लावला. “बाई, स्पंज नळाखाली धुतला? आणि खडे पण? आणि दोन्ही एकाच दिवशी?” मी मान खाली घातली. त्याक्षणी आमच्या जागा बदलल्या होत्या आणि ते योग्यच होतं. त्यानं त्याच्या जुन्या टँकमधला एक घाणेरडा, तपकिरी, गिळगिळीत स्पंज काढून पिशवीत घालून माझ्या हातात दिला. “हा तुमच्या टँकमध्ये टाका, आणि रोज पाव टँक पाणी बदला. हे विरजण आहे असं समजा, बाई.”

विरजण! तेवढ्या एका शब्दानं माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. बाकीचं शास्त्र नंतर आमच्या शाळेतल्या निवृत्त विज्ञानाच्या सरांनी फोनवर समजावून सांगितलं. ते मला कळलं तसं सांगते. मासे जी घाण टाकतात, त्यात अमोनिया असतो. तो मुख्यतः त्यांच्या कल्ल्यांतूनच बाहेर पडतो. नदीत तो वाहून जातो, पातळ होतो. दीडशे लिटरच्या पेटीत तो जाणार कुठे? मासा स्वतःच्याच श्वासात गुदमरायचा. पण जुन्या टँकमध्ये, स्पंजावर, खड्यांवर, काचेवर, डोळ्यांना न दिसणाऱ्या जिवाणूंची वस्ती असते. त्यातले काही अमोनियाचं नायट्राइट करतात. तेही विषारीच. मग दुसरे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट करतात, ते मात्र माशांना बरंच सोसतं आणि झाडांना तर खतच. ही वस्ती नव्या टँकमध्ये बसायला महिना-दीड महिना लागतो. आणि आमच्या बोअरच्या आणि नळाच्या जड, क्षारट पाण्यात, त्यातून मेच्या उकाड्यात, अमोनियाचं विष आणखी जहाल होतं.

म्हणजे मी ज्याला घाण समजून गटारात सोडलं, ती घाण नव्हतीच. ते यांनी सोळा वर्षं जपलेलं विरजण होतं. घरात दह्याचं भांडं विसळताना शेवटचा चमचा बाजूला काढून ठेवायला माझ्या आईनं मला सातव्या वर्षी शिकवलं होतं. इथे मात्र मी भांडं लखलखीत घासून, वर दही का लागत नाही म्हणून बघत बसले. याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण.

त्या रात्री मी टँकखालच्या कपाटाचा खण उघडला. दाण्यांचा डबा तिथेच असतो, म्हणजे रोज दोनदा मी तो खण उघडत होते. डब्याखाली एक जुनी डायरी होती. रोज दिसायची. मला वाटायचं, लाइट बिलांचे वगैरे हिशेब असतील. त्या दिवशी उघडली. पहिल्याच पानावर लाल शाईनं, यांच्या त्या ठेक्याच्या निविदा लिहाव्यात तशा अक्षरात :

“१. स्पंज नळाखाली धुऊ नये. काढलेल्या पाण्यातच दोनदा पिळावा.
२. सगळे एकदम बदलू नये. एका वेळी एकच.
३. मासे वर येऊन तोंड हलवू लागल्यास आधी पाणी बदलावे. विचार नंतर.”

पुढे पानंच्या पानं नोंदी. तारीख, पाण्याचं तापमान, किती लिटर काढलं, किती घातलं. खात्यात धरणाच्या पाण्याच्या नोंदी करायचे, तसंच. मी चाळत चाळत २०१९च्या ऑगस्टपर्यंत आले. तो महापूर सांगलीकर विसरणार नाहीत. आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली होती. आमचं घर विश्रामबागेच्या बाजूला, त्यामुळे दारात पाणी आलं नाही, पण वीज गेली ती गेलीच. पंप बंद. तेव्हा हे तांब्यानं टँकमधलं पाणी उचलून वरून धार धरायचे, हवा मिसळावी म्हणून. ते मला आठवत होतं. “लोकांची घरं बुडाली आहेत आणि तुम्हाला माशांचं पडलंय,” असं मी चिडून म्हटलेलंही आठवत होतं. डायरीत होतं : “वीज नाही. तांब्याने पाणी. रात्री १, २, ३, ४. ही झोपली आहे, उठवले नाही.” दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच. तिसऱ्या दिवशी पुन्हा.

मी दिवसाचं पाहिलं होतं. रात्रीचं मला माहीतच नव्हतं.

बराच वेळ मी ती डायरी मांडीवर घेऊन बसले होते. मग नियम क्रमांक तीन आठवला. उठले आणि पाव टँक पाणी बदललं.

लाडू वाचला. मुकादमही वाचला, ती जात मुळातच चिवट. दुकानातून अमोनिया तपासायचे थेंब आणले होते. परीक्षानळीत पाणी घेऊन थेंब टाकायचे. पिवळं राहिलं तर ठीक, हिरवं झालं तर वाईट. पहिले दहा-बारा दिवस पाणी हिरवं व्हायचं, आणि आम्ही आदल्या दिवशी बादल्यांत भरून ठेवलेलं पाणी घालायचो. सईनं डायरीत यांच्या शेवटच्या नोंदीखाली एक ओळ सोडून नवी तारीख घातली आणि लिहायला सुरुवात केली. तिचं अक्षर आजोबांसारखं नाही, पण रकाने तेच. पाचव्या आठवड्यात नळी पिवळी राहायला लागली. तोवर सई पुण्याला गेली होती. मी तिला फोटो पाठवला. तिनं उत्तरात फक्त टाळ्यांची चित्रं पाठवली, बारा-पंधरा!

मग झाडांचा विचार सुरू झाला. आता नियम क्रमांक दोन माझ्या अंगात मुरला होता. आधी मागचं समुद्राचं चित्र काढलं, आठवडाभर थांबले. मग प्लॅस्टिकची झाडं एकेक करून. निळे खडे काढताना अर्धेच काढले. उरलेल्यांवर बारीक वाळू घातली. आता वाळूतून मधूनच एखादा निळा खडा डोकावतो. सईला तो खटकतो, मला नाही.

खजिन्याच्या पेटीपाशी मात्र हात अडला. यांची आठवण म्हणून ती ठेवावी असं वाटत होतं. सहज डायरी चाळली, तर एका नोंदीत सापडलं : “पेटी बंद पडली. बरे झाले. फार आवाज करते.” आणि आठवड्यानंतर : “चिरंजीवांनी पेटी दुरुस्त केली.” पुढे काही नाही! मी एकटीच मोठ्यानं हसले. पेटी त्याच दिवशी भंगारात गेली. यांचं म्हणून जे जपायला निघाले होते ते यांना नकोच होतं, आणि जे खरोखर यांचं होतं ते मी नळाखाली धुऊन टाकलं होतं.

गोल्डफिश आणि खरी झाडं यांचं फारसं जमत नाही, हे तोपर्यंत कळलं होतं. गोल्डफिशला पाला म्हणजे कोशिंबीर. शिवाय तो खड्यांत तोंड खुपसून सारखी उकराउकर करतो. सईनं दाखवलेल्या चित्रफितीतले ते निऑन टेट्रा तर त्याच्या जोडीला ठेवताच येत नाहीत. ते बिचारे मूळचे ॲमेझॉनच्या खोऱ्यातले, मऊ आणि उबदार पाण्यातले. आणि लाडूच्या तोंडात सहज मावतील एवढेच. सई फोनवर म्हणाली, “मग लाडूला कुणाला तरी देऊया का?”

पर्याय पुष्कळ निघाले. शेजारच्या एका आजोबांनी सुचवलं, “हरिपूरला संगमावर नेऊन कृष्णेत सोडून द्या दोघांनाही. तेवढंच पुण्य.” हे मात्र मला अजिबात पटलं नाही, आणि आज तुम्हालाही कळकळीनं सांगावंसं वाटतं : घरातला मासा नदीत सोडू नका. त्यात पुण्य नाही. मोझांबिक तिलापिया १९५२ साली आपल्या देशात मुद्दाम आणला गेला. आज आपल्याकडचे मच्छीमार त्याला ‘चिलापी’ म्हणतात, इतका तो इथला होऊन बसला आहे, आणि आपल्या मूळच्या माशांची जागा त्यानं बळकावली आहे. आमच्या मुकादमाची जात दक्षिण अमेरिकेतली. अंगावर चिलखत, काठाच्या मातीत बिळं करून अंडी घालायची सवय, आणि खायला त्याला कोणी फारसं धजत नाही. लोकांनी टँकमधून सोडलेले हे मासे आता आपल्या कितीतरी नद्या-तलावांत आढळतात आणि मच्छीमारांची जाळी फाडतात. मुकादम तर फूटभर लांब झाला होता. तीन फुटी पेटीत वळायचं तरी त्यानं कसं? त्याला माझ्या विद्यार्थ्यानं दुकानामागच्या मोठ्या हौदात ठेवून घेतलं. मी अधूनमधून जाऊन बघून येते. तो ओळख दाखवत नाही. खात्यातले मुकादमही दाखवत नसत म्हणे.

लाडूचं मात्र मी ठरवून टाकलं. तो दहा वर्षांचा आहे. गोल्डफिश नीट सांभाळला तर त्याहून कितीतरी जास्त जगतो. दोघं जोडीदार त्यानं माझ्या हातून गमावले. आता त्याच्या घरात आपल्याला बाग करायची म्हणून त्यालाच बाहेर काढायचं? सईला मी म्हटलं, “बाळ, तो आहे तोवर टँक त्याचा. बाग त्याला सोसेल अशी करू, आणि पाहुणेही त्याला चालतील असे आणू.” ती थोडी हिरमुसली. मग म्हणाली, “ठीक आहे, आजी. एका वेळी एकच.”

झाडं पुण्याहून आली, ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून, कोथिंबिरीच्या जुडीसारखी. अनुबियास आणि जावा फर्न यांची पानं जाड, चिवट. लाडू एकदा चावून बघतो आणि सोडून देतो. ही दोन्ही मातीत पुरायची नाहीत. त्यांचं आडवं खोड पुरलं तर कुजतं. ती लाकडाला दोऱ्यानं बांधायची. शिवणाच्या डब्यातला काळा दोरा चालला. लाकूड आधी उकळून, पंधरा दिवस भिजवून घेतलं, तरी पाण्याला चहाचा रंग आलाच. तिसरं झाड क्रिप्टोकोरीन. ते लावल्यावर आठवडाभरात त्याची सगळी पानं विरघळून गेली, अक्षरशः शेवया शिजून गळाव्यात तशी. मी घाबरून विद्यार्थ्याला फोन केला. तो म्हणाला, “उपटू नका, बाई. ते जागा बदलली की असंच करतं. मुळं जिवंत आहेत. तीन आठवडे हात लावू नका.” खरंच, महिन्याभरानं मधोमध दोन तपकिरी कोंब दिसले. आता ते वीतभर वाढलं आहे. दीड-दोन वर्षं माझ्याकडे बघून लोक काय म्हणत असतील, ते मला त्या कोंबांकडे बघताना कळलं.

चौथं झाड व्हॅलिसनेरिया. लांब, रिबिनीसारखी पानं. नाव उच्चारता येईना म्हणून मी त्याला ‘वल्लरी’ म्हणते. हे लाडूच्या अगदी आवडीचं! रोज सकाळी दोन-तीन रोपं उपटून पाण्यावर तरंगत असायची आणि मी बाही वर करून ती परत खोवायची. एक दिवस सरांना ही तक्रार सांगितली तर ते म्हणाले, “अहो बाई, तुम्ही तर १८५० सालचा प्रयोग करताय!” आणि त्यांनी मला एक सुंदर गोष्ट सांगितली. लंडनच्या रॉबर्ट वॉरिंग्टन नावाच्या रसायनशास्त्रज्ञानं एका काचपात्रात सुमारे बारा गॅलन पाणी घेतलं, त्यात दोन छोटे गोल्डफिश सोडले आणि हीच वल्लरी लावली. मासे आणि झाडं एकमेकांना हवा पुरवून, पाणी न बदलता जगतात का, हे त्याला बघायचं होतं. झाडाची जुनी पानं कुजून पाणी गढूळ व्हायला लागलं, तेव्हा त्यानं गोगलगायी सोडल्या. त्यांनी कुजकी पानं खाल्ली आणि पाणी निवळलं. १८५०मध्ये त्यानं हे केमिकल सोसायटीपुढे मांडलं. १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी मासेघर उघडलं, आणि पुढच्याच वर्षी फिलिप गॉस यांच्या पुस्तकामुळे ‘ॲक्वेरियम’ हा शब्द रूढ झाला.

मी इतिहास शिकवायची, त्यामुळे मला पुढचा प्रश्न पडलाच. “पण सर, वॉरिंग्टनला ते स्पंजावरचे जिवाणू माहीत होते का?” ते म्हणाले, “छे! ते वेगळे काढून दाखवायला विनोग्राद्स्की यावा लागला, १८९०च्या सुमारास.” म्हणजे वॉरिंग्टनला झाड दिसलं, मासा दिसला, गोगलगाय दिसली. त्याच्या वाळूत मुकाट राबणारे मात्र आणखी चाळीस वर्षं कोणाला दिसले नाहीत. ऐकून माझ्या मनावरचं थोडं ओझं हलकं झालं. तज्ज्ञाला दिसलं नाही, तिथे माझ्यासारख्या बीएवालीची काय कथा! पण मग वाटलं, माझ्याकडे तर डायरी होती. त्याच्याकडे नव्हती.

आणखी एक चूक माझ्याकडून झाली, तीही सांगून टाकते. झाडांना उजेड हवा म्हणून मी दिवा पहाटेपासून रात्री झोपेपर्यंत चालू ठेवायची. पंधरा दिवसांत काचेवर हिरवं शेवाळ आणि झाडांच्या पानांवर दाढी! माया जास्त झाली की अशीच उतू जाते. आता घड्याळाचं बटण लावलं आहे. दिवा सात तासच. वल्लरीची मुळं बोटभर दगडांनी दाबून टाकली आहेत. ती आता लाडूला हार जात नाही.

दिवाळीच्या सुट्टीत सई आली तेव्हा पाहुणे आणले : सहा झेब्रा डॅनिओ. बोटाच्या दोन पेरांएवढे, अंगावर निळ्या-चंदेरी रेघा, आणि पायाला भिंगरी. थोडं थंड पाणीही त्यांना चालतं, आणि लाडूला ते सापडणं शक्य नाही. शिवाय हे आपले देशी मासे. फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी १८२२ साली गंगेतल्या माशांवर ग्रंथ लिहिला, त्यात यांचं पहिलं शास्त्रीय वर्णन आहे. आज जगभरच्या प्रयोगशाळांत याच माशांवर संशोधन चालतं. निऑन नाहीत म्हणून सई नाराज होईल असं वाटलं होतं. पण पिशवी वीस मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवून, वाटीवाटीनं टँकचं पाणी आत घालून, शेवटी ती सहा पोरं बाहेर सुटली, तेव्हा ती टाळ्या पिटत ओरडली, “आजी, लाडू बघ! लाडू त्यांच्या मागे पळतोय!” खरंच. दोन-तीन महिने एका कोपऱ्यात पडून असलेला तो थुलथुलीत जीव त्यांच्या मागून दुडूदुडू पोहत होता. पकडायला की सोबतीला, ते त्यालाच ठाऊक.

टँक त्या चित्रफितीसारखा झाला नाही. पाण्याला अजून किंचित चहाचा रंग आहे, निळे खडे डोकावतात, स्पंज कोपऱ्यात तसाच तपकिरी लोंबतो. कोणी पाहुणे आले की विचारतात, “हा स्पंज बदलत का नाही?” मी त्यांना नीट बसवून, चहा देऊन, पहिल्यापासून सगळं सांगते. मास्तरकीची खोड, जित्याची खोड मेल्याशिवाय जायची नाही.

एक सांगायचं राहिलं. हे गेल्यानंतर टँकचं काढलेलं पाणी तो दुकानातला पोरगा मोरीत ओतायचा. मीही तेच करत होते. मोगरा दोन उन्हाळे फारसा फुललाच नाही, आणि मी तो माळ्याचा दोष समजत होते. आता दर रविवारी बादली उचलते. गुडघे कुरकुरतात, म्हणून अर्धीच भरते आणि दोन खेपा घालते. या चैत्रात मोगऱ्याला इतक्या कळ्या आल्या की शेजारच्या वहिनी गजऱ्यासाठी मागून घेऊन गेल्या. जाताना म्हणाल्या, “काय घालता हो याला?”

मी म्हटलं, “यांचंच पाणी.”